इस्पितळात रेस्पिरेटर वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातली इस्पितळे, आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने येथील सिस्टर, अटेंडंट, लॅबवाले आणि सफाई कामगार संसर्ग नियंत्रणाच्या टेबलावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आले, तर बरेचसे ड्युटी बदलताना उभ्याउभ्या विचारलेले. डॉक्टर मंडळी सहसा विचारत नाहीत. त्यांचे फिट टेस्टचे (मास्क चेहऱ्याला बसतो का त्या चाचणीचे) निकाल पाहता त्यांनीही वाचायला हरकत नाही.

१. सर्जिकल मास्क आणि रेस्पिरेटर यांत फरक काय? दोन्ही तोंडालाच तर बांधतो.

दोघांची कामे वेगळी आहेत. सर्जिकल मास्क मुख्यतः आपल्या तोंडातले थेंब रुग्णावर किंवा जखमेवर पडू नयेत आणि रक्ताचा शिंतोडा आपल्या तोंडावर येऊ नये यासाठी असतो. तो गालांपाशी सैल राहतो. श्वास आत घेताना बरीच हवा त्या फटींतूनच येते. रेस्पिरेटर घालणाऱ्याच्या फुफ्फुसांसाठी असतो. त्याची कड नाकापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याला टेकलेली हवी, म्हणजे आत येणारी हवा गाळूनच येते. कड उचललेली असेल तर महागडा एन९५ रेस्पिरेटरसुद्धा सर्जिकल मास्कसारखाच वागतो. पुढची निम्मी उत्तरे या कडेबद्दलच आहेत.

२. विषाणू तर ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान असतो. मग एन९५ त्याला अडवतो कसा?

गाळणी चाळणीसारखी चालते असे आपण धरून चालतो, म्हणून हा प्रश्न पडतो. एन९५ च्या मधल्या थरातील पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. फार लहान कण हवेत वेडेवाकडे हलत असल्याने तंतूंना चिकटतात आणि विद्युतभार दोघांनाही ओढून घेतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सर्वांत कठीण, म्हणून चाचणी त्यांच्यावर होते आणि त्यांतले किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. त्याहून लहान कण जास्त सहज अडकतात. शिवाय विषाणू हवेत एकटा हिंडत नाही, तो सुकलेल्या थेंबाच्या कणात असतो. क्षयाचे जंतू ज्या कणांतून पसरतात ते साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असतात.

३. पाकिटावर एन९५, एफएफपी२, केएन९५ असे काहीही लिहिलेले असते. खरा कोणता?

एन९५ ही अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची मान्यता आहे. एफएफपी२ हा युरोपीय मानकातला वर्ग असून त्यात किमान ९४ टक्के गाळण लागते. केएन९५ चिनी मानकानुसार असतो. भारतीय मानक आयएस ९४७३ हे युरोपीय पद्धतीचे आहे, म्हणून आयएसआय चिन्ह असलेल्या देशी मालावर एफएफपी२ असे लिहिलेले असते. ते पाहून 'हा एन९५ नाही' म्हणून परत पाठवू नका.

आयएसआय चिन्हाखालचा 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहता येतो. नायॉशच्या मालावर 'टीसी-८४ए' ने सुरू होणारा क्रमांक खुद्द मास्कवर छापलेला असतो. पाकिटावर एन९५ आणि पट्ट्या मात्र कानात अडकवायच्या, असे दिसले तर संशय घ्या, कारण नायॉशमान्य एन९५ ना बहुतेक डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्या असतात. कानातल्या पट्ट्यांनी कड हवी तशी दाबली जात नाही.

४. कोणत्या रुग्णापाशी घालायचाच, आणि कुठे उगाच घालतो?

फुफ्फुसाचा किंवा घशाचा क्षय (नुसता संशय असला तरी), गोवर, कांजिण्या आणि कोविड असेल तर घालायचा. गोवराची लस झालेली असली तरी खोलीत जाताना घाला, आणि शक्यतो प्रतिकारशक्ती असलेल्यालाच त्या खोलीची ड्युटी द्या. श्वासनलिकेत नळी घालणे, ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे), बेडका काढण्यासाठी वाफ देणे, उघडे सक्शन, अशा कामांत हवेत बारीक कण उडतात. तिथे श्वसनसंसर्गाचा कोणताही रुग्ण असला तरी घाला. शवविच्छेदनात कवटी करवतीने कापतानाही हाच नियम.

डेंग्यू आणि लेप्टोसाठी रेस्पिरेटर लागत नाही. सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाबद्दल दर उन्हाळ्यात वाळपईकडून विचारणा होते. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, खाटेवरच्या रुग्णाच्या श्वासातून नाही. तिथे रक्त हाताळताना हातमोजे आणि सुया टाकताना सावधगिरी हवी. एन९५ घालून हातमोजे न घालणारे महाभाग पाहिले आहेत.

५. घालायची नेमकी पद्धत कोणती?

आधी हात धुवा. मास्क तळहातात धरून हनुवटीखालून चेहऱ्यावर बसवा. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालची मानेवर, कानांच्या खाली. दोन्ही पट्ट्या मानेवर ओढू नका आणि फुलीसारख्या एकमेकींवरून नेऊ नका. मग नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध टोक येते आणि दोन्ही बाजूंना फट राहते.

नंतर सील चेक. दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला तर कड गळते आहे. मग श्वास आत ओढा, मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे. गळत असेल तर पट्ट्या मागे सरकवा, नाकाची पट्टी पुन्हा दाबा आणि परत बघा. हे रुग्णाच्या खोलीबाहेरच, आणि दर वेळी.

अंबाडा अगदी वर बांधला असेल तर पट्टी घसरते, तो खाली बांधा. केसांत फुले माळलेली असतील तर ड्युटीपुरती काढून ठेवा. वेल (डोक्यावरचे कापड) घालणाऱ्या नन सिस्टरनी पट्ट्या वेलच्या आतून घ्याव्यात, कापडावर त्या टिकत नाहीत. नाकातली चमकी कडेखाली येत नसेल तर राहू द्या.

६. रोज सील चेक करतोच. मग वेगळी फिट टेस्ट कशाला?

सील चेक म्हणजे आज मास्क नीट घातला का, एवढेच. हे मॉडेल या मापात तुमच्या चेहऱ्याला मुळात बसते का, ते फिट टेस्ट सांगते. न बसणाऱ्या मास्कवरही सील चेक 'ठीक' वाटू शकतो, कारण बारीक गळती गालाला कळत नाही.

आपल्याकडे परवडणारी टेस्ट सॅकरिनची. आधीची १५ मिनिटे खाणे, चहा, च्युइंगगम बंद, पाणी चालते. डोक्यावर पारदर्शक टोप घालतात. पहिल्यांदा मास्कशिवाय, पातळ द्रावणाचे फवारे टोपात सोडून गोड चव कधी लागते ते पाहतात, दहा फवाऱ्यांत, वीसात की तीसात. ही पायरी गाळायची नाही. ज्याला सॅकरिनची चवच कळत नाही तो कोणत्याही मास्कमध्ये 'पास' होईल. त्याच्यासाठी बिट्रेक्सचे कडू द्रावण वापरतात.

मग तोंड धुऊन मास्क घालायचा, पाच मिनिटे तसेच बसायचे, नंतर पुन्हा टोप आणि या वेळी दाट द्रावण. एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने बोलणे, कमरेतून वाकणे आणि शेवटी पुन्हा साधा श्वास. दर अर्ध्या मिनिटाला आणखी फवारे. सगळा वेळ तोंडाने श्वास घ्यायचा, जीभ किंचित बाहेर. बोलण्याच्या मिनिटासाठी इंग्रजी उतारा असतो, पण आमच्याकडे बऱ्याच जणी एकोणीसचा पाढा म्हणतात, त्यानेही जबडा तितकाच हलतो. बहुतेकांना गोड चव लागते ती याच मिनिटात किंवा वाकताना. म्हणजे हँडओव्हर देताना आणि रुग्णाला उचलताना तुमचा मास्क गळतो, आणि जोखीमही तेव्हाच जास्त असते.

अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत ही टेस्ट वर्षातून एकदा आणि मॉडेल बदलले की पुन्हा करायची असते. वजनात दिसण्याजोगा फरक पडला, दात काढले, कवळी बसवली किंवा चेहऱ्याचे ऑपरेशन झाले तरी पुन्हा. स्टोअरने टेंडरमध्ये स्वस्त म्हणून दुसऱ्याच कंपनीचा माल घेतला तर जुन्या टेस्टचा कागद निरुपयोगी ठरतो. खरेदी विभागाला हे पटवणे मला टेस्ट घेण्यापेक्षा अवघड वाटते. तसेच पर्यटनाच्या हंगामात कंत्राटावर घेतलेल्या मुलांची टेस्ट राहूनच जाते.

७. मी टेस्टमध्ये नापास झाले. आता क्षय वॉर्डची ड्युटी कशी करू?

तुम्ही नाही, ते मॉडेल नापास झाले. लहान माप द्या, कपाच्या आकाराऐवजी घडीचा द्या आणि पुन्हा टेस्ट घ्या. लहान चेहऱ्याच्या मुलींना एकच 'युनिव्हर्सल' माप सहसा बसत नाही, म्हणून इस्पितळात निदान दोन-तीन प्रकार ठेवावेत. काहीच बसले नाही तर रबरी अर्धमुखवटा, ज्याचे फिल्टर बदलता येतात, किंवा बॅटरीवर पंखा चालणारा पीएपीआर हे पर्याय आहेत. रबरी मुखवट्यालाही फिट टेस्ट लागते, सैल टोपाच्या पीएपीआरला लागत नाही. यांतले काही मिळेपर्यंत ड्युटी बदलून मागा.

८. दाढी ठेवली तर चालते का? फक्त दोन दिवसांची आहे.

कडेखाली केस असतील तर नाही, दोन दिवसांचे खुंटही नाही. केसांमुळे कड त्वचेला टेकतच नाही आणि दाढीवाल्याची फिट टेस्ट घेऊही नये. कडेच्या आत मावणारी मिशी चालते. धर्मामुळे दाढी काढता येत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, सैल टोपाचा पीएपीआर द्या (प्रश्न ७).

९. चष्म्यावर वाफ येते.

नाकापाशी कड गळते आहे. पट्टी पुन्हा दाबा (प्रश्न ५). नाकावर कागदी टेप लावून वाफ थांबते, गळती थांबेलच असे नाही.

१०. एक रेस्पिरेटर किती दिवस वापरायचा?

मूळ नियम एका रुग्णभेटीपुरता. तुटवड्याच्या काळात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने, कंपनीची वेगळी सूचना नसेल तर, एकच मास्क जास्तीत जास्त पाच वेळा घालण्याची मर्यादा सुचवली होती. कारण प्रत्येक वेळी पट्ट्या ताणल्या जातात आणि कड सैल होते. दिवस मोजून काही कळत नाही, किती वेळा घातला ते मोजा.

रोग कोणता यावरही ठरते. क्षय स्पर्शातून पसरत नाही, म्हणून क्षय वॉर्डात तोच मास्क त्याच माणसाने पुन्हा घालणे समजण्यासारखे आहे. कांजिण्या, कोविड, किंवा नळी घालताना वापरलेला मास्क टाकूनच द्या. रक्त किंवा बेडका उडाला, पट्टी सैल झाली, आकार बिघडला, श्वास जड वाटू लागला किंवा आतून ओला झाला, तरी टाका.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो पावसात. जून ते सप्टेंबर वॉर्डातली कागदी पिशवीच सकाळपर्यंत लिबलिबीत होते, आतला मास्क सुकणार कुठून? प्लास्टिकच्या पिशवीत तर ओल आतच कोंडते. नाव आणि तारीख लिहिलेली कागदी पिशवी हवेशीर जागी, एकमेकींना न टेकता टांगा आणि पिशवी वरचेवर बदला. खिशात, ड्रॉवरमध्ये किंवा स्टीअरिंगला अडकवून मास्क ठेवायचा नाही. स्टोअरमधले खोके जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला लावून रचू नका. बऱ्याच पाकिटांवर आर्द्रता ८० टक्क्यांखाली ठेवा असे छापलेले असते, आणि पणजीत जुलैमध्ये ते आपोआप होत नाही. जुना साठा उघडलात तर पट्टी ओढून बघा. मुदत शिल्लक असली तरी रबर कडकडले असेल तर तो खोका बाद.

११. धुऊन, सॅनिटायझर मारून किंवा उन्हात ठेवून परत वापरू शकतो का?

नाही. स्पिरिट आणि साबणाने तंतूंवरचा विद्युतभार जातो (प्रश्न २). मास्क दिसायला तसाच राहतो आणि गाळण घसरते. ऑटोक्लेव्हमध्ये बऱ्याच मॉडेलांचा आकार बिघडतो. उन्हात ओल सुकेल, पण जंतू मेले याची खात्री नाही. २०२० मध्ये काही ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने मास्क निर्जंतुक केले गेले, पण ती तुटवड्यातली सोय होती.

१२. व्हॉल्ववाला जास्त आरामशीर वाटतो. चालेल?

घालणाऱ्याचे संरक्षण होते. मात्र त्याचा स्वतःचा श्वास न गाळता बाहेर पडतो. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून व्हॉल्ववाल्या एन९५ बद्दल सावध केले. ऑपरेशन थिएटरमध्ये आणि उघड्या जखमेपाशी तो नकोच. तिथे द्रवरोधक, बिनव्हॉल्वचा सर्जिकल एन९५ लागतो.

१३. क्षयाच्या रुग्णालाच एन९५ घातला तर आपण सुटलो ना?

रुग्णाला सर्जिकल मास्क द्या. त्याच्या तोंडातले थेंब उगमापाशीच अडवायला तो पुरतो, आणि आधीच धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर घट्ट एन९५ बसवणे क्रूरपणा आहे. एक्स-रेला नेतानाही रुग्णाला सर्जिकल, सोबत जाणाऱ्याला रेस्पिरेटर.

१४. एन९५ खाली सर्जिकल मास्क घातला तर दुप्पट संरक्षण मिळेल का?

उलट कमी मिळेल, कारण कडेखाली कापड येते. गॉज आणि टिश्यूचेही तेच. शिंतोड्यांसाठी वरून फेसशील्ड लावा.

१५. डोके दुखते, गुदमरते. मला दमा आहे, किंवा मी गरोदर आहे. घालू का?

तासन्तास घातला की डोके दुखणे खरे आहे. घाम, पाणी कमी पिणे आणि घट्ट पट्ट्या यांमुळे ते वाढते. निरोगी माणसाला एन९५ मुळे ऑक्सिजन धोक्याच्या पातळीपर्यंत कमी पडत नाही. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असेल तर ड्युटीआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. ओशाच्या नियमांतही वैद्यकीय तपासणी फिट टेस्टच्या आधी येते. गरोदर सिस्टरना एन९५ वर्ज्य नाही, पण जास्त वेळा विश्रांती द्या आणि शेवटच्या महिन्यांत जोखमीच्या वॉर्डातून हलवा. चक्कर आली तर हिंमत दाखवत बसू नका. खोलीबाहेर या आणि मग काढा.

१६. नाकावर वळ उठून जखम झाली आहे. पट्टी लावून वर मास्क घालू?

पातळ ड्रेसिंगनेही कड उचलली जाऊ शकते, म्हणून ड्रेसिंगसकट फिट टेस्ट घेतली तरच ते चालेल. जखम भरेपर्यंत वेगळ्या आकाराचे मॉडेल किंवा वेगळी ड्युटी जास्त बरी. चेहऱ्याला क्रीम लावायचे असेल तर ड्युटीच्या बरेच आधी लावा, तेलकट त्वचेवर कड सरकते.

१७. काढायचा कधी आणि टाकायचा कुठे?

सर्वांत शेवटी. हातमोजे, गॉगल, गाऊन हे आधी. मग खोलीबाहेर येऊन दार लावा, हात स्वच्छ करा आणि तेव्हाच मास्क काढा. पुढून हात न लावता आधी खालची पट्टी, नंतर वरची. पुन्हा हात धुवा. बोलण्यासाठी हनुवटीखाली ओढायचा नाही. वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत टाका. तिथून तो कुंडईच्या जैववैद्यकीय कचरा प्रकल्पात जातो. काळ्या पिशवीत गेला तर नगरपालिकेचा कामगार तो उघड्या हाताने उचलतो.

१८. रुग्ण खोलीतून बाहेर गेला. खोली झाडायला लगेच आत जाऊ का?

रेस्पिरेटर घालून जाऊ शकता. न घालता जायचे असेल तर हवा बदलेपर्यंत थांबा. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला २३ मिनिटे आणि ९९.९ टक्के जायला ३५ मिनिटे लागतात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ आणि ६९ मिनिटे. गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. सफाई कामगारांना हे आकडे कोणी सांगत नाही आणि सर्वांत आधी खोलीत त्यांनाच पाठवतात.

१९. आमच्या आरोग्य केंद्रात रेस्पिरेटर मोजकेच येतात. काय करू?

खिडक्या उघडा. जुन्या इमारतींतल्या उंच, समोरासमोरच्या खिडक्या ही चांगली सोय होती, पण आता त्या काचेने बंद करून स्प्लिट एसी लावले आहेत. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. खोकणाऱ्यांना ओपीडीच्या रांगेतून वेगळे काढा, सर्जिकल मास्क देऊन पडवीत बसवा आणि लवकर तपासून मोकळे करा. बेडका बाहेर उघड्यावर द्यायला सांगा. पंख्याची दिशा अशी ठेवा की वारा तुमच्याकडून रुग्णाकडे आणि तिथून खिडकीबाहेर जाईल. असलेले रेस्पिरेटर प्रश्न ४ मधल्या कामांसाठी राखून ठेवा.

२०. लॅबमध्ये फॉर्मलिनचा वास येतो. एन९५ पुरतो ना?

अजिबात नाही. एन९५ कण अडवतो, वायू नाही. फॉर्मलिन, एंडोस्कोपी विभागातले ग्लुटारल्डिहाइड, सीएसएसडीतला (निर्जंतुकीकरण विभागातला) इथिलीन ऑक्साइड हे सगळे त्यातून सरळ आत येतात. आधी हवा खेचणारे हूड दुरुस्त करून घ्या, तरीही गरज राहिली तर त्या त्या वायूसाठीचे कार्ट्रिज असलेला मुखवटा घ्या. कार्ट्रिज संपते, म्हणून ते कधी बदलायचे याचे वेळापत्रक हवे. वास येईपर्यंत थांबणे धोक्याचे, कारण काही वायूंचा वास उशिरा कळतो.

२१. एमआरआय खोलीत रेस्पिरेटर घालून जाता येते का?

नाकावरची पट्टी धातूची असेल तर नको. रुग्णाला मास्कसकट स्कॅनमध्ये घेतले तर ती पट्टी तापून चेहरा भाजू शकतो. असे घडल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तसा इशारा दिला. एमआरआय विभागासाठी बिनधातूचे मास्क वेगळे मागवून ठेवा.

२२. सांडपाण्याच्या टाकीत उतरायचे आहे. एन९५ घालून उतरू?

उतरू नका, गॅसमास्क घालूनही नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो आणि ऑक्सिजन कमी असतो, आणि गाळणारा कोणताही मुखवटा ऑक्सिजन तयार करत नाही. इस्पितळाच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर) काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कोणी वॉर्डातला एन९५ हातात दिला तर काम तिथल्या तिथे थांबवा आणि मेंटेनन्सच्या इंजिनियरला बोलावून घ्या. काम यंत्राने करून घ्यायचे. आत कोणी पडला तरी त्याच्यामागे उडी मारायची नाही, १०१ वर अग्निशमन दलाला फोन करायचा.